नेमिनाथ भावजींचं फ्रंट लेफ्ट

आमच्या ह्यांचे आत्तेभाऊ नेमिनाथ उचगावला राहतात. फौंड्रीतून रिटायर झाल्यापासून घरोघरी जाऊन जुन्या लॅपटॉपांना दीक्षा देतात, म्हणजे आतलं विंडोज काढून लिनक्स घालतात. "ही सिस्टीम कुणाच्या मालकीची न्हाय वहिनी. फुकट हाय, सगळ्यांची हाय. ह्यालाच अपरिग्रह म्हणतात." महाराजांच्या प्रवचनात अपरिग्रह आला तेव्हा मी डुलकी काढली होती. भावजींपुढं तीही सोय नाही.

तर आमच्या दीक्षा घेतलेल्या लॅपटॉपनं काल मौन धरलं. महावीरांनी बारा वर्षं धरलं होतं, पण त्यांची साडेचारला परीक्षा नव्हती. सासूबाईंची होती.

सासूबाई म्हणजे रत्नाबाई, वय ब्याऐंशी. वर्षभर आमच्या जैन स्तोत्राचे अठ्ठेचाळीस श्लोक पाठ केले, मी भाकऱ्या थापतानासुद्धा ऐकवले. जयसिंगपूरचे पंडित लॅपटॉपवरून पहिला शब्द सांगणार, श्लोक सासूबाईंनी पुरा करायचा. त्यात काल एकाशन, दिवसातून एकदाच जेवण. आणि सकाळी देवापुढं बोलून बसलेल्या, परीक्षा दिल्याशिवाय पानावर बसणार नाही. सूर्यास्त सहाला. त्यानंतर आमच्यात अन्न नाही.

तीनला भावजी आले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळू लागली.

"आवाज जातोय, वहिनी. सिस्टीम तसं सांगती."

"जातोय तर कुठं जातोय?"

"त्येच बघायलोय."

आवाजाचा ड्रायव्हर काढला, परत घातला. सात वेळा लॅपटॉप बंद करून चालू केला. मधेमधे आवाजाची चाचणी लावायचे आणि स्पीकरला कान लावून बसायचे, डॉक्टरसारखे. आमची भिंत बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या भिंतीला लागून. पलीकडून काहीतरी बोलल्यासारखं येत होतं, पण देवाच्या घरी कायम काहीतरी चालूच असतं, मी लक्ष दिलं नाही.

"नेम्या, जुनं बरं हुतं की," सासूबाई म्हणाल्या.

"मामी, त्यात व्हायरस यायचे."

"येऊ देत. बोलत तरी हुतं."

सव्वाचारला बस्तीतून शालूबाई आल्या. दुपारी बायकांचा स्वाध्याय त्याच घेतात.

"नेमिनाथ हायत न्हवं इथं? स्कूटर दिसली. तुम्ही आणलेला त्यो बस्तीतला स्पीकर बघा जरा. तासभर कोण बाई त्यातनं इंग्लिशमधी कवायत घ्यायल्या. फ्रंट लेफ्ट, फ्रंट राईट. आम्ही आधी डावीकडं सरकून बसलो, मग उजवीकडं."

भावजींनी चष्मा काढून पुसला. पर्युषणात पूजेची रेकॉर्ड लावायला त्यांनीच आमचा लॅपटॉप बस्तीच्या त्या बिनवायरच्या स्पीकरला जोडला होता. सोडवायचं राहिलं. काल बायकांनी स्पीकर चालू केला आणि लॅपटॉपनं ओळख ठेवून चाचणीतल्या बाईचा आवाज तिकडं पाठवला.

"शाणं हाय मशीन," सासूबाई म्हणाल्या. "एकदा बस्तीत गेलं ते घरला यायला तयार न्हाय. तू वर्षातनं एकदा जातोस."

भावजी जोड तोडायला वाकले.

"तोडू नगंस. उचल ते आणि चल. तिथं मला नीट ऐकू येईल."

साडेचारला रत्नाबाई भगवंतांपुढं चटईवर, मांडीवर लॅपटॉप, भोवती चौदा बायका. पंडितांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत घुमला. एकतिसाव्या श्लोकाला सासूबाई अडल्या आणि चौदाही जणींचे ओठ हलले.

"आजी, मागून कोण सांगतंय?" पंडितांनी विचारलं.

"कोण न्हाय. बस्तीत हाय, कुणीतरी पुटपुटणारच." आणि त्या सगळ्यांना डोळ्यांनी गप्प करून तो श्लोक पहिल्यापासून स्वतः म्हणाल्या. मग उरलेले सगळे. पास झाल्या.

पावणेसहाला दोघांची पानं मांडली. मुगाची आमटी बघून भावजींच्या अंगात परत बळ आलं.

"बघा वहिनी, म्हणजे सिस्टीममधी दोष न्हवताच."

सासूबाईंनी त्यांच्या ताटात तिसरी भाकरी टाकली. "न्हवता. आता जेव मुकाट्यानं. सूर्य काय तुझ्यासाठी बंद करून चालू करता येत न्हाय."