घर बघायला तात्यांना न्या

आमच्याकडे मुलीचं लग्न ठरवायचं म्हणजे आधी मुलाकडचे येऊन पोहे खाऊन जातात, आणि त्यांनी पसंती कळवली की मग मुलीकडची चार माणसं मुलाचं घर बघायला जातात. घर बघायचं म्हणजे खोल्या मोजायच्या नसतात. सासू सुनेशी कोणत्या आवाजात बोलते, गोठ्यात शेण किती वेळचं पडलंय, शेजाऱ्याला त्या घराविषयी विचारलं की तो एकदम पावसापाण्याचं बोलायला लागतो का, हे सगळं चहा पिता पिता तासाभरात ओळखायचं असतं. हे ज्याला जमतं त्याला फार मागणी असते. आमच्या लासुर्ण्यात आणि आसपास असा माणूस एकच होता, आणि ते माझे थोरले चुलते होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं.

तात्यांनी कधी कशाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. मी पहिल्यांदा गोल भाकरी केली तेव्हा म्हणाले, "गोल हाय, पर करपली." दहावीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा म्हणाले, "पयला नंबर कुणाचा आला?" काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, एवढा ऊस पिकवतात पण जिभेला काय गोडी न्हाय. आम्ही सगळे हसायचो. आतून मात्र अभिमान होता. असा एक माणूस घरात असला की कुणी आपल्याला फसवून जाणार नाही, असं वाटायचं.

ही नजर मेंढरांतून आलेली होती. कालव्याचं पाणी आणि ऊस यायच्या आधी आमच्या घरात मेंढरं होती, आणि तात्यांचं लहानपण त्यांच्या मागे गेलं. ते सांगायचे, कळपातली चांगली मेंढरं बघत बसणारा कळप घालवून बसतो. पहिल्यांदा लंगडणारं दिसलं पाहिजे, खाली मान घालून मागं राहणारं दिसलं पाहिजे. मेंढरं विकली, पण डोळे तसेच राहिले.

एकदा अंथुर्ण्याला एक घर बघायला गेले होते. आमच्या भावकीतल्या मुलीचं स्थळ. घर मोठं, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात चार जर्सी गाई. सगळे खूश. तात्या परत येताना जीपमध्ये म्हणाले, "गाया दुसऱ्याच्या हायत. दावणीला रुळल्याल्या न्हाईत. सारख्या रस्त्याकडं बघत्यात." चौकशी केली तर खरंच निघालं, त्या दोन दिवसांसाठी मागून आणलेल्या होत्या. तेव्हापासून कुठंही सोयरीक जुळायला आली की लोक म्हणायचे, घर बघायला तात्यांना न्या.

मी बारामतीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. त्या दिवाळीनंतर तात्या जरा गप्प झाले. रानात जायचं टाळायला लागले. पुढ्यातली भाकरी मोडून ठेवायचे आणि ताटावरून उठायचे. टोपी घालायला विसरायचे, जे आमच्याकडे धोतर विसरण्याइतकंच मोठं. कुणी काही म्हटलं नाही, कारण घर बघायला ते जातच होते आणि त्यांचा शब्द आता आणखी वजनदार झाला होता. पूर्वी ते खोट सांगायचे: इथं असं आहे, तिथं तसं आहे. आता ते फक्त "न्हाय जमायचं" म्हणायचे आणि जीपमध्ये जाऊन बसायचे. लोकांना वाटलं, नजर इतकी तयार झालीय की आता कारणाचीही गरज उरली नाही. त्या दोन-तीन महिन्यांत त्यांना जेवढी बोलावणी आली तेवढी आधी कधी आली नव्हती. हा मूर्खपणा आम्हीच करावा. माणूस जितका आत बुडत होता तितका आम्ही त्याला हुशार म्हणत होतो.

संक्रांतीनंतर माझं स्थळ आलं. जळोचीचं. मुलगा दूध डेअरीत फॅट तपासायच्या कामावर होता. पोहे खायला आले तेव्हा त्याच्या आत्यानं मला चालून दाखवायला लावलं, आणि तो लाजेनं खाली बघत पोहे चिवडत बसला. नंतर त्यानं विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. मला राग आलेलाच होता. मी म्हटलं, "तुमी पोहे नेहमी असेच चिवडता का?" आई दाराआडून डोळे मोठे करत होती. तो म्हणाला, "शेंगदाणे शेवटाला ठेवतो." आणि हसला. एवढंच. पण मला तो आवडला, आणि ते मी आईला सांगितलंही, जे त्या वेळी मुलींनी सांगायचं नसतं.

रविवारी वडील, मामा आणि तात्या जळोचीला घर बघायला गेले. मी दिवसभर धुतलेलीच भांडी परत धुतली. तिन्हीसांजेच्या आधी जीप आली. वडिलांचा चेहरा खुललेला होता, मामा तर उतरता उतरताच बोलायला लागला होता. तात्यांनी ओट्यावर वहाणा काढल्या आणि म्हणाले, "न्हाय."

"का वं दादा? मला तर काय वावगं दिसलं न्हाय," वडील म्हणाले.

"न्हाय जमायचं," तात्या म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकडून निरोप गेला, पत्रिका जुळत नाही. आमच्याकडे सगळ्या नकारांचा तोच एक सदरा असतो. वडिलांनी मला समजावलं, तात्यांना काहीतरी दिसलं असणार, दिसल्याशिवाय ते बोलायचे नाहीत. मी मान हलवली. मला वाईट वाटलं हे खरं, पण आपण वाचलो असंही वाटलं. चार महिन्यांच्या आत त्या मुलाचं लग्न झाल्याचं कळलं.

शिमग्याच्या आसपास तात्यांना शेजारच्या एका बागायतदारानं असंच कुठंतरी नेलं. घरापाशी जीप थांबली, सगळे उतरले, तात्या उतरलेच नाहीत. दांडी घट्ट धरून बसले आणि म्हणाले, "मला घरी न्या." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना भानही नव्हतं. बागायतदार पार घाबरला. त्यानं ते स्थळ तर मोडलंच, वर गावात सांगत सुटला की त्या घरात काहीतरी भयंकर आहे, तात्यांना दारातूनच दिसलं.

आम्ही त्यांना बारामतीला नेलं. मला बारामती माहीत म्हणून मी बरोबर. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दुसऱ्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. ते मनाचे डॉक्टर होते, आठवड्यातून एकदा पुण्याहून यायचे. त्यांनी तात्यांना फार काही विचारलं नाही. काकूला विचारलं, जेवण कधीपासून कमी झालंय? काकूनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "दिवाळीपास्नं. लक्ष्मीपूजनाचा लाडू बी तसाच ठिवला व्हता." डॉक्टर म्हणाले, "हा आजार आहे. नैराश्य म्हणतात याला. औषध आहे, बरे होतील."

सगळ्यांना हायसं वाटलं. मी मात्र त्या बाकावर बसून हिशोब लावत होते: दिवाळी आधी, संक्रांत नंतर. जळोचीचा नकार त्या दोन्हींच्या पलीकडचा, म्हणजे आजार लागल्यानंतरचा.

मी डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं, "ते इतकी वर्षं जे सांगत होते ते खरं होतं, का तोही आजारच?" डॉक्टर भले होते. म्हणाले, खोट बघणारा माणूस ती कुठं आहे ते बोट ठेवून दाखवतो, आजारी माणसाला ती सगळीकडे दिसते. मला हे फार पटलं. एसटी इंदापूर रोडला लागेपर्यंत पटलं. मग वाटलं, तात्यांना तर जन्मभर सगळीकडेच दिसत होती. करपलेली भाकरी काय, माझा हुकलेला पहिला नंबर काय. आणि ते चुकतही नव्हते, भाकरी करपलीच होती! मग खरं बघणारा माणूस कुठं संपला, नुसता वाकडं बोलणारा कुठं सुरू झाला, आणि आजारी कुठून? तिघंही एकाच टोपीखाली राहत होते. एक गेला आणि दुसरा आला हे काकूलाही कळलं नाही, आणि तिनं बिचारीनं वाढलेली भाकरी तर रोज त्यांच्या ताटात उरत होती. मला आजही नीट सांगता येत नाही. जे सांगता येतं म्हणतात त्यांच्याकडे मी जरा संशयानंच बघते.

गोळ्या लागू पडल्या. दोन-अडीच महिन्यांत तात्या कुत्र्यावर ओरडायला लागले, कालवणात मीठ जास्त झालंय म्हणाले, आणि काकू चुलीपुढं बसून आनंदानं रडली. मग एका शेजाऱ्यानं धीर करून त्यांना घर बघायला नेलं. तात्या सगळं फिरून आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "चांगलं हाय. द्या पोरगी."

शेजाऱ्याची झोप उडाली. चाळीस वर्षांत हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. दोन दिवस विचार करून त्यानं ते स्थळ सोडून दिलं. "तात्या गोळीवर हायत," तो वडिलांना हळूच म्हणाला. "गोळीतलं माणूस चांगलंच म्हणणार." तात्या तिथंच ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं, असं मला वाटलं. मी काही बोलले नाही, त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

त्याच सुमाराला माझं दुसरं स्थळ आलं, इंदापूरचं. पसंती आली, घर बघायचा दिवस ठरला. वडिलांची पंचाईत झाली. तात्यांना न्यावं तर भरवसा नाही, न न्यावं तर भावाचा अपमान. शेवटी त्यांनी मला एक काम सांगितलं. मी ते केलं याची मला आज लाज वाटते. बारामतीला जाऊन मी डॉक्टरांना विचारलं, घर बघून होईपर्यंत आठ दिवस गोळ्या थांबवल्या तर चालतील का?

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या ना? तुमच्या लग्नासाठी त्यांना परत आजारी पाडायचंय?" मी खाली मान घालून बाहेर आले आणि स्टँडपर्यंत रडत गेले. घरी येऊन वडिलांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मी काय वाईट हेतूनं म्हणलो न्हाय." ते खरंच होतं, आणि म्हणून मला त्यांच्यावर चिडताही येईना.

इंदापूरला जायच्या आदल्या दिवशी काकू धुणं धूत होती. तात्यांच्या बंडीच्या खिशात तिला पांढरा चिकट लगदा सापडला, त्यात अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. रोज तिच्यासमोर ते तोंडात टाकत होते आणि पाठ वळली की खिशात. तिनं लगदा तसाच माझ्या हातावर ठेवला.

तात्या विहिरीजवळ मोटरीच्या खोलीच्या सावलीत बसले होते. भर दुपार. टोपी नव्हती. मी त्यांच्यापुढं हात पसरला.

"तात्या, हे काय?"

त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं. "गोळीनं समदं बरंच दिसतंया. तुझ्या जल्माचा प्रश्न हाय. चांगल्या नजरंनं बघाय नको व्हय?"

"आणि परत तसंच झालं तर?"

"होऊ दे की. एवढं एक घर बघतो. मग घेतो."

मला त्यांचा फार राग आला. आणि माझ्यासाठी कुणी कधी एवढं केलं नव्हतं हेही त्याच वेळी कळत होतं. त्या रागातच मी ते विचारलं, जे सहा महिने गिळून होते.

"जळोचीला काय दिसलं होतं तुमाला? मला खरं सांगा."

ते पाटाच्या पाण्याकडे बघायला लागले. मला वाटलं, त्यांना आठवत नाही.

"घर चांगलं व्हतं," ते म्हणाले. "लई चांगलं. सासरा थोरल्या सुनंची चेष्टा करत व्हता आन् ती बी त्याला उलटून बोलत व्हती. समदी हसत व्हती. पोरगं आईला भाकरी थापू लागत व्हतं. ती समदी खुशीत व्हती, पोरी. मला सोसलं न्हाय."

त्यांची नजर जराही चुकली नव्हती. अंथुर्ण्याइतकंच स्वच्छ दिसलं होतं त्यांना, सगळं, भाकरीपर्यंत. आणि तरी न्हाय. यात आजार कुठला आणि खरं कुठलं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि रडायचं कुणासाठी तेही कळलं नाही.

घरात जाऊन मी नवी गोळी आणली, पाण्याचा तांब्या आणला. ते तोंड उघडेनात.

"आन् उद्या घर कोण बघणार?"

"मी."

"पोरी जात न्हाईत घर बघाय."

"मी जाणार. मला दिसंल तेवढं बघीन. तुमी गोळी घ्या."

त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. मी गेले नाही. त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि लहान मुलाला सांगतात तसं म्हटलं, "आ करा." तात्यांनी, ज्यांच्यापुढं आजूबाजूच्या गावांतले बाप हात जोडून उभे राहायचे त्या माझ्या तात्यांनी, डोळे मिटून तोंड उघडून दाखवलं.