न भाजलेला मसाला

नातवंडांनो, परवा रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तो ग्रीक मसाला तू गुपचूप मुंबईहून मागवला होतास, असं बाबा सगळ्यांना सांगतो. खरंय का?" खरं नाही. तो महाडमध्ये, माझ्या स्वयंपाकघरात झाला. तुमचा बाबा गोष्टी रंगवून सांगतो आणि शेवटी लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते आहे.

तुम्ही त्या डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी आला होतात. थोरला आठ वर्षांचा, धाकटी पाच. शनिवारी वीर स्टेशनवरून रिक्षाने घरी पोचलात आणि बॅगेतून सगळ्यांत आधी निघाली ती ग्रीक मसाल्याची बाटली. अंडं असो, बटाटा असो, अगदी वरणभात असो, तो भुरभुरवल्याशिवाय थोरला घास घेत नसे, आणि दादा करील ते धाकटी करी. बाटलीत होता तळाशी जेमतेम. रविवारी संपला. मग दोघं ब्रेड आणि केळ्यांवर राहिलात. मी शेपूची भाजी केली तर दोघांनी नाकं धरली.

मसाला ऑनलाइन मागवायचा तर यायला बरेच दिवस लागणार होते. सोमवारी जेवताना तुमचा बाबा खाली मान घालून म्हणाला, शुक्रवारी पुण्याला जाऊ, मुलांच्या आजोळी. तिथल्या दुकानांत मिळेल. म्हणजे माझ्या पंधरा दिवसांचे सहाच होणार. त्या पंधरा दिवसांची मी दोन वर्षं वाट पाहिली होती. मी ताटं उचलली, चष्मा लावला आणि रिकामी बाटली वाचायला घेतली.

लेबलावर बारीक इंग्रजीत घटक दिले होते. ऑरेगॅनो, लसूण, कांदा, मिरी, मीठ, पुदिना, लिंबाची साल आणि डिल. डिल म्हणजे आपला शेपू. मी ते दोनदा वाचलं आणि कोणालाही सांगितलं नाही.

ऑरेगॅनो महाडात कुठून मिळणार, असं तुमच्या बाबाचं म्हणणं. किराणावाल्याने मागे न बघताच फळीवरची बाटली काढून दिली. हल्ली प्रत्येक वाढदिवसाला घरोघरी पिझ्झा करतात, म्हणाला. मंगळवारी शेपू आणि पुदिना निवडून, धुऊन गच्चीवर जुन्या साडीवर सावलीत पसरले. कांदा-लसणाचे पातळ काप आणि लिंबाची किसलेली साल उन्हात ठेवली. बुधवारी दुपारी सगळं हाताने चुरडता येईल इतकं वाळलं.

आपले मसाले कुटायला नाते गावातून मावशी यायच्या, त्या तुम्हाला आठवत असतील. त्यांनी रीतीप्रमाणे लोखंडी कढई ठेवली, चमचाभर तेल सोडलं आणि पाला परतायला घेतला. मीही शेजारी उभी राहून "अजून जरा लालसर होऊ दे" म्हणत होते. जन्मभर मसाला म्हणजे आधी भाजणं. पाच मिनिटांत पाला काळा पडला, घरभर ठसका उठला, आणि चाखून पाहिलं तर कडू जहर. तुम्ही दोघं गच्चीवर पळालात. तुमचा बाबा पुण्याच्या गाडीची चौकशी करू लागला.

पण मी शाळेत शास्त्र शिकवलेलं. कुठलाही प्रयोग करताना अर्धा माल बाजूला ठेवायची सवय होती, तसा इथेही ठेवला होता. मावशींना म्हटलं, आता भाजायचं नाही, तसाच कुटायचा. त्यांनी बत्ता खाली ठेवला.

"बाई, भाजल्याबिगर मसाला होत नाय. पाला हाय हा. शेळीला घाला."

"कुटा तर खरं. नाही जमला तर शेळीला घालू."

त्यांनी तोंड वाकडं करून कुटला. ऑरेगॅनो तीन चमचे, शेपू दोन, बाकी एकेक, मीठ बेताचं. खलातून वास वर आला तेव्हा त्या थांबल्या, पुन्हा वास घेतला आणि कुटू लागल्या.

तुमच्या बाबाने सुचवलं की जुन्या बाटलीत भर, पोरांना कळणार नाही. मी ऐकलं नाही. फसवून जेवू घालायला मी काही हरले नव्हते. गुरुवारी दुपारी मसाला उघड्या वाटीत ठेवला, सोबत बांधून ठेवलेल्या दह्याचा चक्का, भाजलेले बटाटे आणि तांदळाची भाकरी. थोरल्या, तू वाटी नाकाशी धरलीस. सगळे तुझ्याकडे बघत होते.

"आजी, हा बाटलीतल्यापेक्षा जास्त चांगला आहे. लिंबू कळतं."

तू दोन भाकऱ्या खाल्ल्यास, धाकटीने एक. ताटं रिकामी झाल्यावरच मी सांगितलं की यात शेपू आहे. धाकटीने हात नाकाकडे नेला, मग विचार करून वाटीकडे नेला. तुमच्या बाबाने पुण्याला फोन करून यंदा येत नाही म्हणून कळवलं. पंधराही दिवस तुम्ही माझ्याकडे राहिलात. शिवथरच्या घळीला गेलो तेव्हा भाकरीबरोबर डब्यात तोच मसाला होता.

आता मावशी कुटायला येत नाहीत आणि माझी मनगटं दुखतात, त्यामुळे माझ्याकडे कुटणं होत नाही. नाते गावात मावशींच्या घरी मात्र तो मसाला अजून होतो. त्या कोंबडीला लावतात, आणि भाजत नाहीत.