उपरण्याखालचा भाव, खोक्यातला प्लग

भाव पाडला म्हणून मला खोटा माल मिळाला, असं कळंबमध्ये काही लोक अजून हसत हसत सांगतात. मी त्यांना दर वेळी एकच उत्तर देतो आणि दर वेळी माझा आवाज चढतो. भाव पाडणं हा माझा हक्क आहे. परवडत नसेल तर दुकानदाराने नाही म्हणावं. हो म्हणायचं आणि मग माल बदलायचा, ही चोरी आहे.

यात्रांना आणि लग्नांना जनरेटर आणि स्पीकर लावून देणं हा माझा धंदा. एका जुन्या पेट्रोल इंजिनाच्या जनरेटरवर तो उभा राहिला. भंगारातून उचलून मी स्वतः ते खोललं आणि स्वतः बसवलं. दोन माणसं ते टेम्पोत चढवू शकतात आणि शर्यतीच्या घाटावर, म्हणजे बैलगाडे पळवायच्या चढावर, ते कडेला कुठंही मावतं. वयामुळे ते थोडं ऑइल मात्र जाळतं. अशा इंजिनाला प्लग, म्हणजे ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग, बघून घालावा लागतो. आटे तेवढ्याच लांबीचे हवेत, जास्त लांब प्लग घातला तर टोक पिस्टनवर आपटतं. आणि प्लग गरम जातीचा हवा, म्हणजे काजळी टोकावर साठत नाही, जळून जाते. बारीक टोकाचा महागडा प्लगही मला बऱ्याच जणांनी विकायचा प्रयत्न केला. मी म्हणायचो, इंजिन ऑइल पितंय, तिथं तुझं सोन्याचं टोक काय करणार?

आंबेगाव तालुक्यातल्या एका गावची यात्रा बरीच वर्षं माझ्याकडे आहे. तिथला आवाज ऐकून आजूबाजूची गावं मला बोलावतात, त्यामुळे ती एक यात्रा गेली की पाठोपाठ चार जातात. यंदा यात्रेच्या तोंडावर इंजिन दोरी ओढून ओढून सुरू होत होतं. जुना प्लग झिजला होता. नवा आणायला मी नारायणगावला गेलो.

दुकानदाराने काउंटरवरचं खोकं उघडून प्लग हातात दिला. मी आटे मोजले. प्लगवरचं वायसर बोटाने फिरवलं, ते सैल आणि गोल होतं, म्हणजे कधी आवळलेलं नव्हतं. चिनी मातीवरची अक्षरं नखाने खरवडली, ती निघाली नाहीत. माल खरा होता. मग भावावर बसलो.

"भाऊ, तुमी लई ताणता राव," तो म्हणाला. "एवढ्यात तर मला बी पडत न्हाई."

"मग देऊ नका. जुन्नरला दुकानं आहेत."

"जाऊ द्या. तुमच्यासाठी देतो. पण हा दाखवायचा हाय, सतरा जणांनी हाताळलाय. तुमाला आतला ताजा देतो."

तो आत गेला आणि कागदात गुंडाळलेलं खोकं घेऊन आला. मी ते तसंच खिशात टाकलं.

खोकं तिथंच का उघडलं नाही, हे मला सगळे विचारतात. मी बैलबाजारात दलालाच्या हाताखाली वाढलो. तिथं भाव उपरण्याखाली, बोटं दाबून ठरतो. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. बैल मात्र उघड्यावर उभा असतो. त्याचे दात बघायचे, खूर बघायचे, चार पावलं चालवायचं, हे सगळं आधी. एकदा हातावर हात पडला की पुन्हा बैलाचं तोंड उघडायचं नाही. उघडलं तर समोरच्याला चोर म्हटल्यासारखं होतं. बाजारात तेवढ्यावरून मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. तीच रीत मी दुकानात पाळली. पण बाजारात हातावर हात पडल्यावर कुणी बैल बदलत नाही.

यात्रेच्या दिवशी सकाळी मी घाटाच्या वरच्या टोकाला स्पीकर बांधून घेत होतो. जनरेटरवर बसणाऱ्या माझ्या माणसाने खाली प्लग बसवला. इंजिन एका ओढीत सुरू झालं आणि दुपारपर्यंत छान चाललं. मग उन्हात एक गाडा सुटला, बैल निम्म्या चढावर आले आणि इंजिन दोनदा ठसकून बंद पडलं. पुकारणाऱ्याचा आवाज मध्येच तुटला. वेळ मोजणारं घड्याळही त्याच विजेवर होतं, तेही थांबलं.

गाडा वर पोचला, पण किती सेकंदांत ते कुणालाच सांगता येईना. दमलेले बैल लगेच पुन्हा पळवता येत नाहीत. गाडामालक माझ्या अंगावर धावून आला, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षभर बैल सांभाळायचे आणि त्यांची बारी अशी मातीत जायची.

मी गरम प्लग कापडाने धरून काढला. टोक काळं ओलं होतं आणि वायसर चपटं झालं होतं. सकाळी बसवलेलं वायसर इतकं चपटं होत नाही, हे कित्येकदा आवळलेलं होतं. तारेच्या ब्रशने घासलेला, कुठल्या तरी गाडीतून काढलेला थंड जातीचा, काजळी साठवणारा प्लग नव्या खोक्यात घालून मला दिला होता. मी झिजलेला जुना प्लग परत बसवला आणि संध्याकाळपर्यंत त्यावर शर्यत कशीबशी पार पाडली.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष जाताना म्हणाले, "पावणं, पुढच्या वर्षाचं बघू." शेजारच्या गावचा नव्या, आवाज न करणाऱ्या जनरेटरचा मालक त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी मी हजर.

"तुमी भाव जसा दिला, तसा माल आला," दुकानदार म्हणाला. "पैसे परत घ्या अन् विषय मिटवा."

"पैसे ठेवा. अध्यक्षांना फोन लावा आणि सांगा, प्लग कुणी बदलला ते."

"मी कशाला सांगू?"

"मग मी इथंच उभा आहे."

मी पायरीवर उभा राहिलो. जो कुणी प्लग मागायला आला, त्याला तो प्लग घासलेला आहे की नवा, ते ओळखायला शिकवलं. वायसर फिरवा, आट्यांत काजळी आहे का बघा, अक्षरं खरवडा. एका फवारणीवाल्याने त्याला दिलेला प्लग खरवडला, तर नखाला अक्षरांचा निळा रंग लागला. त्याने तो काउंटरवर ठेवला आणि निघून गेला. त्याच्या मागचे दोघेही गेले.

"लोकांसमोर इज्जत घेताय व्हय माझी?"

"माझी तर स्पीकरवरून गेली."

जेवायच्या वेळेला त्याने फोन लावला. चुकून जुना प्लग गेला, असं तो म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तेव्हा 'चुकून' सोडून त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग फोन माझ्या हातात आला.

"प्लग त्याचा, पर घाटावर आणला कुणी?" अध्यक्षांनी विचारलं. "यात्रा तुमच्याकडंच राहील. पर पुढच्या वर्षी त्या पावण्याचा नवा जनरेटर शेजारी उभा ठेवायचा. तुमचं बंद पडलं तर तो चालू."

माझ्या इंजिनाशेजारी त्याचं यंत्र. नाही म्हटलं असतं तर यात्रा त्याच्याच घरात गेली असती.

"ठेवा," मी म्हणालो. "पण त्याचं भाडं कमिटी देणार, मी नाही."

अध्यक्ष बराच वेळ कुरकुरले. ते हो म्हणेपर्यंत मी फोन दुकानदाराला परत दिला नाही.