विल्फची कोरी पोटरी

विल्फ ओल्डरॉइडच्या गाडीला अकरावं वर्ष लागलं होतं, तरी ती गॅरेजच्या उंबरठ्याबाहेर पडली नव्हती. एवढ्या काळात इंग्लंडातल्या त्या कीथली गावातल्या लोकांची लग्नं होऊन मोडलीसुद्धा. गिरणी बंद पडली आणि तिथला फिटर असलेला विल्फ कायमचा घरी बसला, त्या वर्षी त्याने हिचे सुटे भाग मागवले होते. अशा गाड्या घरीच जोडायच्या असतात. सांगाडा, इंजिन, वरचं कवच, सगळं खोक्यांतून येतं आणि पुढचं मालकाचं नशीब. गाडी दोन माणसांची, बिनछताची. पुढच्या चाकामागून दोन्ही बाजूंना चार-चार नळ्या बाहेर यायच्या, एकत्र व्हायच्या आणि दंडाएवढा जाड सायलेन्सरचा पाइप होऊन दाराखालून मागे जायच्या. या गाडीचा सगळा तोरा त्या पाइपांतच.

आणि सगळा धोकाही. अर्धा तास गाडी चालली की त्यांच्यावर अंडं तळता येतं. उतरताना पाय जरा आखडता घेतला की पोटरी पाइपाला लागते आणि कातडी तिथेच राहते. या गाड्यावाल्यांचा एक क्लब होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पबच्या आवारात हे साठी उलटलेले बाप्ये जमायचे आणि पँटी वर करून एकमेकांना पोटरीवरचे डाग दाखवायचे. त्या डागाला ते डंख म्हणत. ज्याला डंख नाही तो अजून बिनलग्नाचा, असा तिथला हिशेब. भाजलेल्या कातडीची कुणाला लाज वाटावी, तर हे मिरवायचे. पुरुषांची अक्कल वयाबरोबर वाढते असं कुणी म्हणालं तर त्याला त्या आवारात नेऊन उभं करावं.

विल्फची पोटरी कोरी होती. आधी तो महिन्यातून एकदा जायचा, थट्टा सोसायचा, अर्धा ग्लास बिअर घ्यायचा आणि घड्याळ बघत परतायचा. पुढे तेही सुटलं.

कारण नोरीन. त्याची बायको पुढच्या खोलीत, खिडकीशी, चाकांच्या खुर्चीत. सहा वर्षांपूर्वी दुखण्याने तिच्या पायांतली ताकद नेली आणि मग संवेदनाही नेली. मांडीवर चहा सांडला तरी तिला तो वासावरून कळायचा. तिच्या खुर्चीपासून भिंतीतल्या भोकातून एक दोरी गॅरेजात गेली होती. दोरीच्या टोकाला जुन्या दुकानाची पितळी घंटा. एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की तिला जरा सरकवून बसवायचं, तीनदा वाजली की हातातलं टाकून धावायचं. विल्फच्या दुनियेची हद्द म्हणजे त्या घंटेचा आवाज. दुकानात पावासाठी रांगेत उभा असला तरी त्याचा जीव टांगणीला लागलेला असे.

नोरीनने मागितलं एकच होतं. लग्नानंतर ते दोघं मोटरसायकलच्या जोडगाडीत बसून मोरकमला समुद्रावर गेले होते. तसंच एकदा या गाडीतून जायचं. उघड्या गाडीतून, केस विस्कटत. डॉक्टरांनी वसंतात सांगितलं होतं की आता दुखणं हातांकडे निघालंय, मानही फार काळ तोल धरणार नाही. म्हणजे जायचं तर याच उन्हाळ्यात.

"झाली का रे?" ती रोज विचारायची.

"बाजूच्या पाइपांचं राहिलंय," विल्फ रोज सांगायचा. "तुझ्या पायांना कळत नाही, नोरीन. घाई करून चालायचं नाही."

हे खरंच होतं. पहिल्यांदा त्याने पाइप दोन्ही टोकांना घट्ट आवळले होते आणि इंजिन तापल्यावर पाइप धरणारी पट्टी तडकली होती. गिरणीत वाफेच्या नळ्यांवर जन्म घालवलेल्या माणसाने ही चूक करावी! लोखंड तापलं की वाढतं, त्याला सरकायला जागा ठेवावी लागते. मग त्याने पुढचं टोक पक्कं केलं, मागचं रबरावर टांगलं आणि पट्टीची भोकं लांबट कापली. पाइपाचं तोंड दाराच्या बरंच मागे नेऊन बाहेरच्या अंगाला वळवलं, म्हणजे धूर आत बसलेल्याच्या नाकात जायला नको. दाराखालच्या सबंध लांबीवर भोकांचा पत्रा वाकवून बसवला, पाइपापासून दोन बोटं अंतर ठेवून, मधून वारा खेळेल असा. काम नामी झालं होतं.

फक्त ते कधी झालं, हे तो कुणाला सांगत नव्हता.

जूनमधल्या एका शनिवारी क्लेम बॅरक्लफ आला. हा क्लबातला, घरोघर कोळसा टाकून खांदे रुंद झालेला गडी. जीभही खांद्यांसारखीच, आवरायची सवय नाही. नोरीनपुढे बसून चहाबरोबर आल्याचा केक खाता खाता तो म्हणाला, "अगं, त्याचे पाइप बघितले मी दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरला. तेव्हाच सांगितलं, गड्या, सरकारी तपासणीचा अर्ज टाक आणि रस्त्यावर काढ. अजून काय पॉलिश करत बसलाय? लग्न लावायचंय का तिचं?"

नोरीनने कप खाली ठेवला. क्लेमला आपण काय केलं ते कळलं आणि त्याने केकचा उरलेला तुकडा एकदम तोंडात घातला.

दोरी ओढली गेली. एकदा, दोनदा, तीनदा. विल्फ हातात पाना घेऊन धावत आला.

"काय झालं?"

"मला काही झालं नाही. तुला काय झालंय?" नोरीन म्हणाली. "दोन वर्षं तयार आहे म्हणे ती."

विल्फने क्लेमकडे पाहिलं. क्लेम खिडकीबाहेर बघू लागला.

"म्हणजे... किरकोळ बाकी होतं..."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस, विल्फ. माझे पाय गेलेत, डोकं नाही."

विल्फ पाना चाळवत उभा राहिला. नवऱ्याची जात, खोटं पकडलं गेलं की आधी आवाज चढतो. त्याचाही चढला. "मग काय करू? ती झाली की संपलं! तपासणी होणार, एकदा समुद्रावर जाऊन येणार, आणि मग? मग मी कुठे जाऊ, नोरीन? या घरात मला बसायला दुसरी जागा आहे का? तिथे निदान एक भिंत तरी आहे मधे."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली. सहा वर्षांत त्याने तिला हे एकदाही ऐकू दिलं नव्हतं.

"बरं झालं बोललास," नोरीन म्हणाली. "तुला एक भिंत तरी मिळाली. मला काय मिळालं? समोरचा दिव्याचा खांब. सहा वर्षं बघतेय मी तो. तू कोंडलायस, मान्य. पण तुझ्या कोंडवाड्याला दार आहे आणि तू ते आतून लावून बसलास. मी दोरी ओढत."

मग नोरीननेच खुर्चीची चाकं फिरवली. "चल. बघू दे मला तुझं नामी काम."

स्वयंपाकघरातून गॅरेजात उघडणाऱ्या दारात तिने खुर्ची लावली. गॅरेजचं मोठं दार सताड उघडलं गेलं आणि इंजिन सुरू झालं तशा शेजारच्या खिडक्या वाजल्या. अर्धा तास ते चालू ठेवलं. नंतर विल्फने अर्ध्या चड्डीतली आपली उघडी पोटरी दाराखालच्या पत्र्याला टेकवून दाखवली. पत्रा कोमट होता.

"बघ. मी दहादा चढउतर केलीय. कुठेच लागत नाही."

"तू उतरतोस ते पायांनी," नोरीन म्हणाली. "मी कशी उतरणार?"

विल्फने पत्र्यावरून पोटरी काढली.

"माझ्या जागी तू हो," ती म्हणाली. "बस तिथे, पाय मेलेले ठेव. क्लेम, उचल याला. हा मला उचलतो तसं."

"मी? याला?"

"नवरीसारखा उचल. पाडू नकोस, मला एकच आहे."

विल्फ डाव्या सीटवर बसला आणि पाय सैल सोडले. क्लेमने एक हात त्याच्या पाठीमागे घातला, एक गुडघ्यांखाली. विल्फ वजनाने सुतळी, सहज वर आला. क्लेम मागे सरला, तसे विल्फचे पाय दारावरून बाहेर निघाले आणि खाली लोंबले. ज्याला पायांवर ताबा आहे तो माणूस असा कधी उतरत नाही. डावी पोटरी दाराच्या पुढे, चाकामागे गेली, जिथे त्या चार नळ्या उघड्याच होत्या. तिथे विल्फने पत्रा घातला नव्हता. त्या चार नळ्या लोकांना दिसायलाच हव्यात, असं क्लबात प्रत्येकाचं मत होतं. आणि तिथपर्यंत पाय जातोच कुणाचा?

चर्र झालं. विल्फने अशी बोंब ठोकली की समोरच्या घरातला कुत्रा भुंकत सुटला. क्लेमने त्याला तसंच उचलून नळाखाली नेलं.

पाण्याच्या धारेखाली पाय धरून विल्फ ओठ चावत होता. क्लेमला हसू आवरेना. "पडला रे डंख! अकरा वर्षांनी पडला! रविवारी सगळ्यांना दाखवू!"

नोरीन हसली नाही. ती त्या चार नळ्यांकडे बघत होती.

"तू ओरडलास," ती म्हणाली. "मी ओरडले नसते."

विल्फने पाय धारेखाली तसाच ठेवून तिच्याकडे पाहिलं. तसंच झालं असतं. मोरकमला पोचल्यावर त्याने तिला हौसेने उचललं असतं, ती समुद्राकडे बघत हसत राहिली असती आणि तिची पोटरी जळत राहिली असती. वास आल्यावर दोघांना कळलं असतं. दोन वर्षं तो नसलेल्या चुका दुरुस्त करत बसला होता, आणि असलेली चूक त्याला दिसली नव्हती, कारण सगळी मापं त्याने स्वतःच्या पायांवरून घेतली होती.

त्याने नुसतं म्हटलं, "चुकलो, नोरीन."

"मग नीट कर."

पोटरीला ओलं फडकं गुंडाळून त्याने त्याच दुपारी पत्रा वीतभर पुढे वाढवला आणि चारही नळ्या झाकल्या. क्लेमला फार वाईट वाटलं, शोभा गेली म्हणाला. मग पुन्हा अर्धा तास इंजिन चालवलं आणि क्लेमने विल्फला तीनदा उचलून उतरवलं. सोमवारी तपासणीचा अर्ज गेला. तपासनीस सुकलेल्या चेहऱ्याचा होता. त्याने कडांवर बोटं फिरवली, आवाज मोजला, पत्रा हलवून बघितला आणि तो एवढा पुढे का नेलाय म्हणून विचारलं. "बायकोसाठी," विल्फ म्हणाला. तपासनीसाने कागदावर सही केली.

जुलैत ते मोरकमला गेले. वाटेत नोरीनचा रुमाल उडाला आणि तिने तो शोधू दिला नाही. समुद्र ओहोटीचा, लांब मागे गेलेला, नुसता चिखल चकाकत होता. तरी तिने तो डोळे भरून बघितला. विल्फ उतरून तिच्या बाजूला आला आणि तिला उचलायला वाकला.

"नको," ती म्हणाली. "मी इथेच बसते. एक तास तू फिरून ये. एकटा."

"तुला काही लागलं तर?"

"हॉर्नपर्यंत हात पोचतो माझा. अजून पोचतो. जा."

विल्फ निघाला. पन्नास पावलं गेला आणि थांबला. डावीकडे जावं की उजवीकडे, त्याला सुचेना. आइस्क्रीमच्या गाडीपुढच्या रांगेत उभा राहिला आणि परत बाहेर पडला. कान सगळे मागे. सहा वर्षं ज्या मोकळ्या तासाची भूक होती, तो हातात आला तर तो कसा खायचा हेच तो विसरला होता. त्याला स्वतःचीच कीव आली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, तीनदा.

तो धावत सुटला. पोटरीवरच्या ताज्या कातडीला पँट घासत होती. धापा टाकत तो गाडीशी पोचला. "काय? काय झालं?"

नोरीन स्टिअरिंगकडून हात मागे घेत होती. तेवढ्यालाही तिला वेळ लागला. केस पार विस्कटलेले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "ऐकू येतंय का ते बघितलं. येतंय म्हणजे तू अजून जवळच आहेस. आणखी लांब जा."