भुशातली पावलं

उंबरेमावशीचं आडनाव उंबरे नव्हतं. पोरांनी तिला ते चिकटवलं होतं, कारण ही बाई सगळं चर्च झाडायची, पण उपासना सुरू झाली की दाराशी, उंबऱ्यालगत बसायची. प्रभुभोजनाची भाकर वाटायला लागले की हळूच उठून बाहेरच्या चपला सरळ करायला जायची. इतक्या चपला सरळ करणारी बाई जगात दुसरी नसेल.

तरुणपणी एका सुताराशी तिचं जुळलं होतं. सुतार बायकोवाला, एका पायाने लंगडा आणि बोलायला गोड. वर्षभर चोरून चाललं, मग गवगवा होईल म्हणून त्याने हात झटकले. पुढे तो पहिल्या बाकावर बसून भाकर खात राहिला, मेल्यावर भिंतीवर त्याच्या नावाची दगडी पाटीही लागली. मावशी मात्र उंबऱ्यावर. काय हा न्याय!

शनिवारी संध्याकाळी ती फरशीवर लाकडाचा ओला भुसा पसरायची, म्हणजे धूळ त्याला धरून बसते. रविवारी सकाळी सगळं झाडून काढायचं. कुलूप तीच लावायची, किल्ली तिच्याच कमरेला. एका रविवारी तिने दार उघडलं, तर तिच्या बसायच्या जागेपुढे भुशात कोणीतरी बोट फिरवलेलं. अक्षरं नव्हती, पण नुसत्या रेघाही म्हणवत नव्हत्या. उंदीर असेल, म्हणत तिने झाडू मारला.

पुढच्या रविवारी रेघा वाढल्या होत्या. भुशाचा वास तर असा, की सुताराचा सदराच कोणी नाकाशी धरलाय. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मेला तो मेला, आता माझं नाव लिहायला आलाय! आणि त्याच्या बायकोने ते वाचलं तर? ती बिचारी दर रविवारी थांबून विचारायची, "बरी आहेस ना गं?" आणि मावशीला मान वर करवायची नाही.

त्याच दिवशी पाळकांनी व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट सांगितली. "पुरुषाला कोणी धरून आणलं नव्हतं, हे लक्षात घ्या," ते म्हणाले. "धोंडे घेतलेली माणसं भोवती, आणि प्रभू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहितोय. काय लिहिलं, कोणालाच ठाऊक नाही. पण सगळ्यांची नजर बाईवरून जमिनीवर गेली. मग एकेक जण निघून गेला. तो मात्र थांबला. तू पाप केलंच नाहीस, असं तो म्हणाला नाही. पुन्हा करू नकोस म्हणाला. पण धोंडा त्यानेही उचलला नाही."

मावशीने त्यातलं एवढंच ऐकलं, की कोणीतरी लिहीत होतं.

पुढच्या शनिवारी तिने दारापासून भुसा जाड पसरला. लिहिणारा येईल तर त्याचे पाय उमटू देत.

सकाळी पाय उमटलेले होते. बंद दारातून अनवाणी पावलं आत आली होती आणि तिच्या जागेशी थांबली होती. परतीचं एकही पाऊल नव्हतं. तिने बाकांखाली पाहिलं, वेदीमागे पाहिलं. कोणी नव्हतं. मग ती खाली बसली. पावलं सरळ होती, दोन्ही सारखी रुतलेली. ही लंगड्याची नव्हेत. आणि तो कधी थांबणाऱ्यातला होता?

मागे चाहूल लागली. सुताराची बायको लवकर आली होती.

"कोण आलं होतं गं?"

"आलंय ते गेलेलं नाही," मावशी म्हणाली. आता तिला लपवणं नको झालं होतं. "ताई, तुमच्या नवऱ्याशी माझं... मी पाप केलंय हो."

बाईचा चेहरा दगडासारखा झाला. बराच वेळ ती त्या पावलांकडे बघत राहिली. मग तिने मावशीच्या हातातला झाडू काढून घेतला आणि भिंतीला टेकवला.

"आत जाऊन बस," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती. "चपलांचं आज मी बघते."

भाकर हातात आली तेव्हा मावशीच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे कोणीतरी सावकाश श्वास घेत होतं. तिने वळून पाहिलं नाही. थोडी सरकून जागा करून दिली.