भाऊमामानं दाखवलेली खूण

भाऊमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीत, मासळी गोठवायच्या विभागात होतो. मामी एवढंच म्हणाली, "सुन्या, हे गेले रे. ये." रत्नागिरीहून दाभोळला जायचं तर वाटेत दोन खाड्या, दोन फेरीबोटी. जयगडची बोट मिळाली, पण धोपाव्याची नुकतीच सुटली होती. समोर, खाडीपलीकडे मामाचं कौलारू घर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना झुकलेले दोन माड दिसत होते, आणि मी अलीकडे नुसता उभा. "बोटीची घाई करू नये," असं मला लहानपणापासून सांगणारा माणूस पलीकडे निजला होता. त्या अर्ध्या तासात मला मामाचा रागही आला आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. का, ते पुढे सांगतो.

भाऊमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी म्हणून त्याची तीसेक वर्षं गेली. तो रजेवर आला की आम्ही भाचरं त्याला ओटीवर घेरून बसायचो आणि तो एकेक बंदर उलगडायचा. सिंगापूर आमचं सगळ्यात लाडकं. तिथल्या एका गल्लीत चहा विकणारी म्हातारी होती. ती म्हणे गिऱ्हाइकाचं तोंड बघून साखर घालायची. मामाला दोन चमचे जास्त, कारण घरची आठवण काढणाऱ्याला चहा गोड लागत नाही! खेड-चिपळूण आम्ही धड बघितलं नव्हतं, पण त्या गल्लीतून आम्ही डोळे मिटून चाललो असतो.

निवृत्त झाल्यावर मामाला घरी बसवेना. मला रविवारची सुट्टी, मग आम्ही दोघं एसटीनं निघायचो. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत त्याचा जुना शाळासोबती राहायचा, त्याच्याकडे जाऊन झाडाखाली गप्पा मारायच्या. कधी राजापूरला अर्जुना नदीच्या काठानं भटकायचं आणि बाजारात ओले काजूगर घेऊन परतायचं. मामीनं दिलेल्या घावनांचा डबा गाडी सुटायच्या आत उघडलेला असायचा. आणि कुठंही उतरलं की मामाचा एक नेम होता. चार पावलं चालायची, थांबायचं आणि मागे वळून बघायचं. "काय दिसतं ते ध्यानात ठेव. परत येताना तीच खूण." राजापूरला एकदा मी थांब्याजवळची काजूगरांची हातगाडी लक्षात ठेवली. परतताना हातगाडी गायब, मी गल्ल्यांमधून घामाघूम, आणि मामा मागे मिशीत हसत उभा. "हातगाडी धरलीस होय? हलती खूण धरली की माणूस हरवतो रे." तेव्हा मला ती नुसती म्हाताऱ्याची खोड वाटली.

चार वर्षांपूर्वी मी ठरवलं की मामाला सिंगापूरला न्यायचं, त्याचं सिंगापूर त्यानंच मला दाखवायचं. त्यानं आधी गुडघे पुढे केले, मग आंब्याचा मोसम, मग मामीला एकटं कसं ठेवायचं... मामीनंच त्याला दटावून विमानात बसवला. पहिल्याच सकाळी मी म्हटलं, चल, म्हातारीच्या गल्लीत. तो पुढे, मी मागे. उजवीकडे वळला, डावीकडे वळला, परत त्याच चौकात आला. दोन तासांनी आम्ही समुद्राकाठच्या एका बाकावर टेकलो. समोर दूरवर जहाजं नांगर टाकून उभी होती. मामानं तिकडे बोट केलं.

"मी तिथपर्यंतच आलोय सुन्या. ह्या अंगाला नाय."

मग त्यानं सांगितलं. पहिल्या सफरीत एका परक्या बंदरात तो उतरला होता. दाभोळचा माणूस समुद्रातून घरी येताना किनाऱ्यावरची खूण धरतो, घुमट, डोंगराचा सुळका, माड. मामानं त्याचं उलट केलं. आपल्या जहाजाशेजारी एक लालभडक जहाज होतं, तीच त्यानं खूण धरली आणि शहर बघायला गेला. परत येतो तर लाल जहाज निघून गेलेलं. गोदीच्या भिंती सगळ्या सारख्या, भाषा येत नाही. संध्याकाळी कुणा पहारेकऱ्यानं त्याला हाताला धरून आणला तेव्हा शिडी उचलायची वेळ झाली होती. त्यानंतर तो कुठल्याच परक्या बंदरात उतरला नाही. बाकीचे उतरायचे, आणि ते परतले की मामा गरम जेवण वाढून त्यांच्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, उतरल्यापासून सांगा.

"आणि चहावाली म्हातारी?"

"ती आमच्या एका खलाशानं बघितली होती." मग जहाजांकडेच बघत म्हणाला, "साखरेचं मी घातलं."

मी हसलो, पण आतून मला फसवल्यासारखं वाटलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. दोन महिन्यांनी मावसबहिणीच्या लग्नात, भरल्या पंगतीत, मी तो किस्सा रंगवून सांगितला. लाल जहाजासकट. "म्हणजे मामा, तुम्ही अख्खं जग कढईतून बघितलंत म्हणा की," कुणीतरी म्हणालं आणि पंगत लोटपोट झाली. मामाही हसला. पण त्या दिवसापासून त्यानं गोष्ट सांगणं सोडलं. पोरं मागे लागली तर म्हणायचा, "सुन्याला विचारा. तो उतरलाय." आमचे रविवार चालू राहिले, डबाही तसाच उघडायचा, पण गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसायचा. माफी मागायची असं मी दरवेळी ठरवून निघायचो आणि परत आल्यावर पुढच्या रविवारवर ढकलायचो. माझ्यासारखा भित्रा मीच.

गेल्या हिवाळ्यात कंपनीनं मला नवीन यंत्र शिकायला कोलंबोला पाठवलं. पाच दिवस. हॉटेल, कारखाना, हॉटेल. परतल्यावर दाभोळला गेलो तेव्हा मामा खाटेवर होता, बोलताना धाप लागत होती. मला बघून त्यानं उशी सरकवली आणि म्हणाला, "उतरल्यापासून सांग."

काय सांगणार? मी काहीच बघितलं नव्हतं. मग मी घडवत गेलो. एक गल्ली केली, गल्लीत मासळीचा वास आणला, छत्र्या दुरुस्त करणारा बसवला, आणि शेवटी कोपऱ्यावर एक चहावाली म्हातारी आलीच. मामा डोळे मिटून ऐकत होता.

"साखर किती घातलीन तिनं?"

"दोन चमचे जास्त."

त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हसेल. तो म्हणाला, "आणि खूण काय धरली होतीस?" खूण तेवढी मी घडवली नव्हती. "राहिली रे मामा," म्हटलं. त्यानं मान भिंतीकडे वळवली. मी पकडलो गेलो होतो, आणि त्या पंगतीचं त्यानं अजून मनात ठेवलंय असं समजून मी तसाच निघालो. ती आमची शेवटची भेट.

तेरावं झाल्यावर मामी मला त्याच्या खोलीत घेऊन गेली. खाटेवरची चादर तिनं बदलली नव्हती. म्हणाली, "तू कोलंबोहून आलास ना, तेव्हापासून यांना परत वाचा फुटली बघ. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तुझी ती म्हातारी सांगायचे. डॉक्टरांना सांगून झाली, शेजारच्या पोरांना रोज. भाचा स्वतः जाऊन बघून आलाय म्हणायचे." मग ती पुढे म्हणाली, "आणि शेवटी दरवेळी सांगायचे, की तिच्या गाडीसमोर मोठा पांढरा घुमट आहे, तेव्हा आमच्या सुन्याचा रस्ता काही चुकायचा नाही."

घुमट मी सांगितलाच नव्हता.

संध्याकाळच्या बोटीनं धोपाव्याला उतरलो. चार पावलं चाललो, थांबलो आणि मागे वळून बघितलं. खाडीपलीकडे दोन माड होते तिथंच होते.