बुरशीतली डागडुजी

निरवांगीला आमच्या घरामागे एक तुकडा होता, तिथे नांगर कधी फिरला नाही. पूर्वी तिथे मेंढरांचा वाडा असायचा. मी शाळेत होते तेव्हाच माझ्या वडिलांनी, आबांनी मेंढरं विकली, रानात ऊस लावला आणि वाड्याच्या काट्या चुलीत गेल्या. मागे राहिली ती काळी, मऊ माती. पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस तिला लेंड्यांचा वास यायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे मी बारामतीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. आमच्या मॅडमनी एकदा सगळ्यांना आपापल्या गावची माती आणायला सांगितली. मी त्या वाड्यातली नेली. काचेच्या बशीत ती पसरली, ओली केली आणि वर उकळून घेतलेली लोकर टाकली. लोकरही घरचीच, आईने गाठोड्यात बांधून ठेवलेली. मग सुट्टी लागली आणि मी बशी विसरले. परत आले तर लोकरीवर पांढरी साय धरली होती. साय नव्हे, धुकं. खिडकीच्या उजेडात बशी तिरपी धरली की ते धुकं हलल्यासारखं वाटायचं.

"या बुरशीला लोकर पचते," मॅडम म्हणाल्या. त्यांना एवढा आनंद झालेला मी प्रथमच पाहत होते. "लोकरीत गंधक भरपूर. गंधकाशी हिचं काहीतरी खास असणार."

एम.एस्सी. झाल्यावर मी मॅडमकडेच संशोधनाला राहिले, ते त्या बुरशीसाठी. मेडिकलच्या दुकानात मिळणारं, जखमेवर टाकल्यावर फसफसणारं हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात मिसळून मी तिच्यावर सोडायचे. तिच्या कडा पिवळट पडायच्या, वाढ थांबायची. मग एक-दोन दिवसांत, कुणी झोपेतून उठून पदर सावरावा तशी ती पुन्हा पसरू लागायची.

हे कसं होतं, हाच आमचा प्रश्न. मॅडमनी फळ्यावर एक वेडीवाकडी साखळी काढली. ते प्रथिन. साखळीतल्या एका कडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मेथिओनिन. यात गंधक असतं, म्हणून पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन पहिल्यांदा इथेच येऊन चिकटतो. चिकटला की प्रथिन वाकडं होतं, कामातून जातं. आता पेशीला दोन वाटा. ते मोडून नवं करायचं, नाहीतर चिकटलेला ऑक्सिजन तेवढा काढून घ्यायचा. काढून घेणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं. जिवाणूंत सापडलंय, यीस्टमध्येही आहे. तुझ्या बुरशीत आहे का ते बघ."

विकर नाजूक. बुरशी खलात वाळूबरोबर घोटायची ती बर्फात ठेवून, नाहीतर घोटता घोटताच ते मरतं. आमच्या फ्रिजमध्ये बर्फ धरेपर्यंत वीज जायची. म्हणून मी भिगवणला जायचे. तिथे मासळीसाठी बर्फ येतो. पहिल्या एसटीने गेले की उजनीच्या पाण्यावर अजून उजाडायचं असायचं. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, मधे रेघ नाही, आणि त्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी कशावरही उभे नसल्यासारखे उभे. मी गाडीतून उतरून क्षणभर तशीच थांबायचे. आपण जागे आहोत की नाही, अशी शंका यायची.

बर्फवाले तात्या गोणपाट आणि भुसा आधीच काढून ठेवायचे. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "मासळी कुठाय, पोरी?"

"मासळी न्हाय तात्या. बुरशी हाय."

"बुरशी?" त्यांनी शेजारच्या पाटीवाल्या बाईकडे पाहिलं. "आगं, आमी बुरशी लागू नये म्हनून बर्फ लावतो!"

दोघं हसत सुटले. मीही हसले. त्या दिवसापासून ते मला स्वच्छ, मासळीचा वास नसलेला तुकडा फोडून द्यायचे.

तरी महिनोन् महिने काही हाती लागलं नाही. कधी बुरशी कमी पडायची, कधी बर्फ. मग एका फेब्रुवारीत बुरशी चांगली दाट आली. सकाळी भिगवणहून बर्फ घेऊन कॉलेजात पोचले, तर प्रयोगशाळेच्या पायरीवर आबा बसलेले. स्वच्छ धोतर, पटका, शेजारी पिशवी. ते बारामतीला माझ्याकडे कधी आले नव्हते.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"कुटं काय? घरी चल. पावणं येनार हायत दुपारच्याला. तुज्या आयनं सांगितलंय, घिऊनच या."

पाहुणे म्हणजे मला बघायला येणारे. माझ्या हातातल्या गोणपाटातून पाणी गळत होतं. मी म्हटलं, "आबा, बर्फ इतळतोय. येवढं घोटून घेते, मग जाऊ."

ते आत आले. मी घोटत राहिले. आबा दाराजवळच्या स्टुलावर ताठ बसून बघत होते. रस काढला, त्याचे दोन भाग केले. एक भाग उकळून मारला आणि एक जिवंत ठेवला. दोन्हींत ऑक्सिजन चिकटलेलं मेथिओनिन घातलं, आणि विकराला पुन्हा कामाला लावणारं, घाण वासाचं एक औषध.

"मेल्या उंदरावानी वास हाय," आबा म्हणाले. एवढंच.

तासाभराने त्या दोन्हींचे बारीक थेंब मी जाड कागदाच्या पट्टीच्या खालच्या कडेला ठेवले आणि पट्टी काचेच्या बरणीत उभी केली. तळाशी द्रावण होतं. ते कागदातून वर चढणार आणि थेंबातली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर नेऊन सोडणार. ऑक्सिजन चिकटलेलं मेथिओनिन खाली राहतं, सुटलेलं वर जातं. जिवंत रसाच्या रांगेत वर डाग दिसला तर विकर आहे.

मॅडम म्हणाल्या, "तू जा घरी. कागद मी बघते."

मी पिशवी उचलली. आबा मात्र उठले नाहीत. ते बरणीकडे बघत होते. ओल बोटभर वर आली होती आणि तिची कड मंद चकाकत होती.

"किती येळ लागंल ह्याला?" त्यांनी विचारलं.

"चार वाजतील."

"मग बसू की."

"आबा, पावणं..."

"बसू म्हनलं ना."

का बसले, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही नाही. मॅडम वर्गावर तास घ्यायला निघून गेल्या. आम्ही दोघंच उरलो. बाहेर उसाच्या गाड्यांच्या बैलांची घुंगरं वाजत लांब जायची, वाऱ्याबरोबर साखर कारखान्याच्या मळीचा गोड-आंबूस वास आत यायचा. आबांनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला. प्रयोगशाळेत खायचं नसतं म्हणून आम्ही पायरीवर बसून खाल्लं आणि अधूनमधून आत जाऊन बरणीत डोकावलो. ओल वर चढताना दिसायची नाही. पण नजर काढून पुन्हा पाहिलं की ती वर गेलेली असायची.

"हे काय हाय, सांग तरी," आबा म्हणाले.

मी सांगितलं. आपण श्वास घेतो त्यानेच आतल्या वस्तू हळूहळू गंजतात. बुरशीचंही तसंच. पण तिच्यात एक असं असावं, जे गंज तेवढा काढतं आणि वस्तू पुन्हा कामाला लावतं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आन ते स्वता गंजत न्हाय व्हय?"

"गंजतंय की. एकाचा काढला की सोताच वाकडं होतंय."

"मग त्याला कोन सरळ करतं?"

"दुसरं एक असतंय."

"आन त्याला?"

"त्याला तिसरं."

"आन तिसऱ्याला?" आता ते गालात हसत होते.

"त्याचं बळ खान्यातनं येतंय, आबा. साखरंतनं."

आबा मोठ्याने हसले. मेंढरं गेल्यापासून ते असं हसल्याचं मला आठवत नव्हतं. "म्हंजी फिरून फिरून कारखान्यापाशीच आलं का!"

दुपारी ते भिंतीला टेकून झोपले. मला वाटतं, मीही झोपले असेन. कारण त्या दुपारचं मला सलग काही आठवत नाही. बरणीची काच, आबांचा श्वास, कागदातून चढणारी ओल, आणि वेळ कुठेच जात नाहीये अशी एक शांत, जड सुस्ती.

चारच्या सुमाराला मॅडम आल्या. कागद वाळवला, त्यावर डाग दाखवणाऱ्या निनहायड्रिनचा फवारा मारला आणि ओव्हनमध्ये ठेवला. बाहेर काढला तेव्हा आधी काहीच नव्हतं. मग कागदाच्या आतूनच रंग वर यावा तसे जांभळे डाग उमटू लागले. खालचे दोन्ही रांगांत. बुरशीचे स्वतःचे फिकट ठिपके दोन्हींत. आणि वर, फक्त जिवंत रसाच्या रांगेत, एक डाग. जांभळाच्या बीएवढा.

मॅडम खुर्चीवर बसल्या. मला रडू येत होतं. आबा कागदाजवळ वाकले. "ह्योच का त्यो?"

"व्हय."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पिशवी शोधू लागले.

दुपारची एसटी केव्हाच गेली होती. स्टँडबाहेर आबांना ओळखीचा ट्रॅक्टरवाला भेटला. माळेगावकडे उसाची खेप टाकून तो आमच्या बाजूला रिकामा चालला होता. आम्ही ट्रॉलीत पाचटावर बसलो. कालव्याच्या कडेने ऊन उतरत गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, त्याचे तुरे केशरी झालेले, आणि आबा हात करून दाखवत होते. "हितं आमच्या मेंढरांचा तळ पडायचा. तितं बाभळीखाली तुजी आजी दूध काढायची." मला नुसता ऊस दिसत होता. पण ते इतक्या खात्रीने दाखवत होते, की उसाच्या फटीफटीतून पांढरी पाठ हलते आहे, असं मला एक-दोनदा वाटलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई ओट्यावर बसून होती. "पावणं बसून बसून गेलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "तिचा दोष न्हाय. मीच बसून राह्यलो."

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्या पाहुण्यांचा पुन्हा निरोप आला नाही. डाग मात्र पुन्हा पुन्हा आला. त्यावर माझा प्रबंध उभा राहिला. पुढे मी बारामतीतच शिकवायला लागले आणि माझं लग्नही झालं. नवऱ्याने पहिल्याच भेटीत माझी निनहायड्रिनने जांभळी पडलेली बोटं बघून मेंदीचा हा कुठला रंग, असं विचारलं होतं.

लग्नानंतर आम्ही सगळे नरसिंहपूरला दर्शनाला गेलो. दर्शन झाल्यावर आबा घाटाच्या पायऱ्यांवर एका अनोळखी म्हाताऱ्याजवळ बसले. समोर भीमेचं पाणी आणि नीरेचं पाणी, थोडा वेळ वेगवेगळं दिसणारं. मी मागून प्रसाद घेऊन गेले, तर आबा त्यांना सांगत होते, "बुरशीत बी डाक्टर असतोय. आमच्या पोरीनं हुडकलाय. त्यो आजारी पडला तर त्याला दुसरा बगतो."

"आन दुसरा पडला तर?"

"मग त्याला साखर द्यायची," आबा म्हणाले.

म्हाताऱ्याने गंभीरपणे मान हलवली. मी काहीच दुरुस्त केलं नाही. दोघांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि त्यांच्या खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसले.